न सुटलेल्या प्रश्नावर उभी राहिलेली कारकीर्द

प्रति,
संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर जी पुरवणी काढली, ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशा सगळ्या शाखा, त्यांच्या प्रवेशपरीक्षा आणि अर्थातच त्यांची ‘पॅकेजेस’ तीत आली होती. सैद्धांतिक संगणकशास्त्रात संशोधन करणे हाही आयुष्यभराचा पेशा होऊ शकतो, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. होती ती इचलकरंजीच्या सुभाष खोत यांच्यावरची एक चौकट. ते १९९५ मध्ये आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत देशात पहिले आले आणि पुढे ‘संगणकशास्त्रातील एक अवघड कोडे सोडवल्याबद्दल’ त्यांना मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, असे तिच्यात म्हटले होते. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा नेमका उलटा आहे. खोत यांचा गौरव झाला तो प्रामुख्याने एक प्रश्न मांडल्याबद्दल आणि त्या प्रश्नावर काय काय अवलंबून आहे हे दाखवल्याबद्दल. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. एवढी दुरुस्ती दोन ओळींत छापता येईल आणि ती आपण छापावी, ही विनंती आहेच. परंतु या चुकीमागे संशोधकाच्या पेशाविषयीचा जो समज आहे, तो केवळ आपल्या पुरवणीपुरता नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात अनेक वर्षे हाच विषय शिकवल्यामुळे तो समज मी विद्यार्थ्यांत, पालकांत आणि आम्हा शिक्षकांतही पाहिलेला आहे. म्हणून थोडी अधिक जागा मागतो.

आधी ठळक तपशील सांगतो. खोत यांचा जन्म १९७८ चा आणि शालेय शिक्षण यंत्रमागांच्या इचलकरंजीतच झाले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये १९९४ साली हाँगकाँगला आणि १९९५ साली कॅनडात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले व दोन्ही वेळा रौप्यपदक मिळवले. १९९९ मध्ये मुंबई आयआयटीतून बीटेक झाल्यावर ते प्रिन्स्टनला गेले. तेथे संजीव अरोरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००३ मध्ये पीएचडी, मग प्रिन्स्टनच्याच इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये एक वर्ष, २००४ पासून अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये सहायक प्राध्यापकी आणि २००७ पासून न्यूयॉर्क विद्यापीठाची कूरां इन्स्टिट्यूट, असा त्यांचा नोकरीचा मार्ग आहे. आपल्या चौकटीत ज्या पारितोषिकाचा उल्लेख होता, ते म्हणजे २०१४ मध्ये सोल येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मिळालेले नेव्हानलिना पारितोषिक. चाळिशीच्या आतील संशोधकांना चार वर्षांतून एकदा दिला जाणारा हा सन्मान २०२२ पासून अबॅकस मेडल या नावाने दिला जातो. त्यानंतर २०१६ ची मॅकआर्थर फेलोशिप आली आणि २०१७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. ही यादी येथेच थांबवतो, कारण आपल्याकडे अशा याद्याच चरित्र म्हणून छापल्या जातात आणि माणसाने नेमके काय केले, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही.

ते सांगण्याचा प्रयत्न करतो. सैद्धांतिक संगणकशास्त्रातील संशोधकाला संगणकाची गरज बहुधा पत्रव्यवहारापुरती आणि निबंध टंकित करण्यापुरतीच लागते. कोणते काम कोणत्याही संगणकाला झपाट्याने करता येईल आणि कोणते कितीही हुशारी लढवली तरी करता येणार नाही, हे गणिती सिद्धतेने ठरवणे हा त्याचा व्यवसाय. ॲलन ट्युरिंग यांचा या शाखेचा पाया घालणारा निबंध १९३६ चा आहे. त्या वेळी इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वातही नव्हता.

उदाहरणादाखल एक प्रश्न घेऊ. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीसाठी शहरात बंदोबस्त लावायचा आहे. अट अशी, की प्रत्येक रस्त्याच्या दोन टोकांना जे दोन चौक आहेत, त्यांपैकी निदान एका चौकात पोलीस उभा असलाच पाहिजे. कमीत कमी किती चौकांत पोलीस उभे केले म्हणजे हे साधेल? दहा-बारा चौकांचे गाव असेल तर एखादा अनुभवी हवालदार कागदावर आकृती काढून उत्तर देईल. हजारो चौकांचे शहर असेल तर मात्र सगळे पर्याय तपासून पाहणे जगातल्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते आणि त्याहून बरी, खात्रीची आणि झटपट पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी ज्या २१ प्रश्नांची प्रसिद्ध यादी दिली, त्यांत हा प्रश्न आहे. त्या २१ पैकी एक जरी झटपट सुटला तर बाकीचे सगळे सुटतील, असे त्यांनी दाखवले.

अचूक उत्तर मिळत नसेल, तर जवळपासचे तरी मिळेल काय? येथे एक सुरेख पद्धत आहे आणि ती शाळकरी मुलालाही समजते. ज्या रस्त्याच्या कोणत्याही टोकाला पोलीस नाही असा एखादा रस्ता निवडावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पोलीस उभे करावेत. असा रस्ता उरेपर्यंत हेच करत राहावे. शेवटी सर्व रस्त्यांचा बंदोबस्त झालेला असतो. आपण निवडलेल्या रस्त्यांपैकी कोणत्याही दोघांचा चौक सामाईक नसतो, त्यामुळे उत्तमातल्या उत्तम आराखड्यालाही या प्रत्येक रस्त्यासाठी निदान एक वेगळा पोलीस द्यावाच लागला असता. आपण दोन दिले. म्हणजे आपला आकडा सर्वोत्तम आकड्याच्या दुपटीहून कधीही अधिक होणार नाही. सिद्धता संपली. फळ्यावर ती चार ओळींत मावते, आणि ती पहिल्यांदा समजल्यावर वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्यासाठीच आमच्यासारखे लोक हा विषय शिकवत राहतात.

मग साहजिक प्रश्न येतो, की दुपटीऐवजी दीडपट, सव्वापट अशी हमी देणारी झटपट पद्धत का सापडत नाही? प्रयत्न पुष्कळ झाले. दुपटीत किंचितशी घट करणाऱ्या पद्धती सापडल्या, पण शहर जसजसे मोठे व्हावे तसतशी ती घटही नाहीशी होते. १९९२ च्या सुमारास पीसीपी प्रमेय या नावाने ओळखले जाणारे मोठे काम झाले, ज्यात संजीव अरोरा, राजीव मोटवानी आणि मधु सूदन ही तीन भारतीय नावे आहेत. अनेक प्रश्नांच्या बाबतीत जवळपासचे उत्तर शोधणेसुद्धा अचूक उत्तर शोधण्याइतकेच अवघड आहे, असे त्यातून निष्पन्न झाले. १९९७ मध्ये स्वीडनच्या योहान हॉस्टॅड यांनी काही प्रश्नांच्या बाबतीत ही सीमारेषा अगदी काटेकोरपणे आखून दाखवली. बंदोबस्ताच्या प्रश्नासारखे काही प्रश्न मात्र हाताला लागत नव्हते. पद्धत दुपटीवर अडलेली आणि ‘याहून चांगले जमणार नाही’ याची सिद्धता दुपटीच्या खाली बऱ्याच अंतरावर, अशी त्यांची अवस्था होती.

या टप्प्यावर २००२ मध्ये, पीएचडीचे विद्यार्थी असलेल्या खोत यांनी माँट्रियलच्या परिषदेत जो निबंध वाचला, त्यात त्यांनी एक अनुमान, म्हणजे खरे वाटणारे पण सिद्ध न झालेले विधान, मांडले. ते युनिक गेम्स अनुमान म्हणून ओळखले जाते आणि थोडा धीर धरला तर सामान्य वाचकालाही समजण्यासारखे आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचे एक जाळे घ्या. प्रत्येक बिंदूला ठरावीक रंगांपैकी एक रंग द्यायचा आहे. प्रत्येक रेषेवर अशी अट लिहिलेली आहे, की तिच्या एका टोकाचा रंग ठरला की दुसऱ्या टोकाला एकच एक रंग चालतो. सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येण्याजोग्या असतील, तर रंग शोधणे सोपे आहे: एका बिंदूला एक रंग देऊन पाहावे, शेजाऱ्यांचे रंग आपोआप ठरत जातील, कुठे विसंगती आली तर दुसरा रंग घेऊन पुन्हा सुरुवात करावी. आता या जाळ्यात किंचित बिघाड झाला असे समजा. शंभरातल्या नव्व्याण्णव अटी पाळता येतील असे एक जाळे आणि कसेही रंगवले तरी शंभरात एखादीच अट पाळली जाईल असे दुसरे, ही दोन आपल्यासमोर ठेवली तर त्यांतील कोणते कोणते, हे ओळखणेसुद्धा, रंग पुरेसे अधिक असतील तर, कार्प यांच्या यादीतील प्रश्नांइतकेच अवघड आहे. आणि नव्व्याण्णव व एक या आकड्यांऐवजी शंभराच्या व शून्याच्या कितीही जवळचे आकडे घेतले तरी हे खरे राहते, असे खोत यांचे म्हणणे. म्हणणेच, कारण सिद्धता नव्हती.

परिषदेतल्या त्या निबंधात या अनुमानाचा उपयोग मोजक्या, काहीशा तांत्रिक निष्कर्षांसाठी केलेला होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत जे घडले, त्याची कल्पना त्या वेळी कोणाला आली असेल असे वाटत नाही. खोत आणि ओडेड रेगेव्ह यांनी दाखवले, की अनुमान खरे असेल तर बंदोबस्ताच्या प्रश्नात दुपटीची हमी तसूभरही सुधारता येणार नाही. वर सांगितलेली चार ओळींची बाळबोध पद्धत हीच शेवटची. जाळ्यातील बिंदूंचे दोन गट असे पाडायचे, की जास्तीत जास्त रेषा एका गटातून दुसऱ्या गटात जातील, हा दुसरा एक जुना प्रश्न. त्यासाठी मिशेल गोमान्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी १९९०च्या दशकात एक अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने उत्तर काढण्याची पद्धत, दिला होता आणि त्याची हमी सर्वोत्तम उत्तराच्या निदान ०.८७८ पट अशा विचित्र आकड्याची होती. हा आकडा भूमितीच्या एका हिशेबातून निघत असल्यामुळे तो त्या पद्धतीचा योगायोग असावा, खरी सीमा कुठे तरी दुसरीकडे असावी, असे वाटणे स्वाभाविक होते. २००४ मध्ये खोत, गाय किंडलर, एल्चनन मोसेल आणि रायन ओडोनेल यांनी दाखवले, की युनिक गेम्स अनुमान मान्य केले तर नेमका तोच आकडा अंतिम ठरतो. २००८ मध्ये, अजून विद्यार्थीच असलेल्या प्रसाद राघवेंद्र यांनी तर अशा प्रश्नांच्या एका संपूर्ण कुळासाठी एकाच फटक्यात निकाल दिला: अनुमान खरे असेल, तर एकच ठरावीक साच्याची पद्धत त्या सगळ्यांसाठी सर्वोत्तम आहे. सुटे सुटे वाटणारे शेकडो प्रश्न एका न सुटलेल्या प्रश्नाच्या दाराशी येऊन थांबले. सोलमध्ये गौरव झाला तो मुख्यतः या दूरदृष्टीचा.

याहून मला स्वतःला विलक्षण वाटते ती गोष्ट अशी, की ०.८७८ च्या निकालासाठी जे गणित लागले, त्याचा संबंध निवडणुकीशी निघाला. दोन उमेदवार आहेत. मते मोजताना चुकून, यदृच्छेने, काही मते उलटी नोंदली जातात. अशा वेळी निकाल पालटण्याची शक्यता कमीत कमी राहील, असा मतमोजणीचा नियम कोणता? एकाच माणसाच्या मतावर सगळे ठरावे असा हुकूमशाही नियम घेतला तर ही शक्यता कमी असते, पण त्याला निवडणूक म्हणता येत नाही. दोन्ही उमेदवारांना समान संधी देणारे आणि कोणाही एका मतदाराला फारसे वजन न देणारे जे जे नियम कल्पिता येतील, त्यांत साधे बहुमत हेच, मतदारांची संख्या मोठी असताना, सर्वांत स्थिर ठरते. मोसेल, ओडोनेल आणि क्रिस्तोफ ओलेश्केविच यांनी हे प्रमेय सिद्ध केले. या सिद्धतेला युनिक गेम्स अनुमानाचा टेकू लागत नाही. उद्या ते अनुमान खोटे ठरले तरी बहुमताविषयीचे हे प्रमेय जागच्या जागी राहील.

आणि ते अनुमान खोटे ठरणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. २०१० मध्ये संजीव अरोरा, बोआझ बराक आणि डेव्हिड स्टॉयरर यांनी युनिक गेम्सचा प्रश्न सोडवणारा एक अल्गोरिदम दिला. तो झटपट या सदरात बसणारा नव्हता, पण अशा अवघड प्रश्नांकडून सर्वसाधारणपणे जेवढ्या वेळाची अपेक्षा असते त्याहून पुष्कळच कमी वेळात उत्तर देणारा होता, आणि त्यामुळे अनुमानावर शंका घेणाऱ्यांना बळ मिळाले. यातील अरोरा म्हणजे खोत यांचेच गाइड, हे लक्षात घ्यावे. शिष्याच्या सर्वांत गाजलेल्या कल्पनेला सुरुंग लावू शकेल असे काम गुरूने उघडपणे करावे आणि त्यात कोणालाही वावगे वाटू नये, ही या पेशातली मला सर्वांत आवडणारी रीत आहे. आपल्याकडील विद्यापीठीय वातावरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगायला नको.

पारडे पुन्हा फिरले ते २०१८ मध्ये. खोत, डोर मिन्झर आणि मुली सफ्रा यांनी, इरिट डिनुर व गाय किंडलर यांच्यासह आधी केलेल्या कामाचा शेवटचा दुवा जोडून, युनिक गेम्सच्या जवळच्या नात्यातले एक अनुमान सिद्ध केले. त्यातून असे निघते, की शंभरातल्या पन्नास अटी पाळता येणारे जाळे आणि जवळजवळ एकही न पाळता येणारे जाळे यांतील फरक ओळखणे खरोखरच एनपी-हार्ड, म्हणजे कार्प यांच्या यादीतील प्रश्नांइतके तरी अवघड, आहे. नव्व्याण्णवाच्या जागी पन्नास. अर्धी वाट, पण पक्की. बंदोबस्ताच्या प्रश्नातही आता अनुमानाशिवाय सिद्ध झालेली मर्यादा सुमारे १.४१ पटीपर्यंत, म्हणजे दोनच्या वर्गमुळापर्यंत आली. मूळ प्रश्न मांडल्याला तोवर १६ वर्षे झाली होती, पारितोषिक मिळूनही ४ वर्षे झाली होती, आणि ज्याने तो मांडला तो माणूस त्यावरच काम करत होता. जेईईतला क्रमांक चौकटीत देताना ही १६ वर्षे कुठे तरी द्यायला हवी होती, असे मला वाटते. (खोत यांचे गाइड अरोरा हेही १९८६ मध्ये त्याच परीक्षेत देशात पहिले आले होते, ही माहिती मी येथे केवळ क्रमांकप्रेमी वाचकांसाठी देतो.)

आता पेशाविषयी. या शाखेतील संशोधकाचे दिवस कसे जातात, याचे चित्र पालकांपुढे नसते, आणि म्हणून एक तर त्याला अलौकिक बुद्धीच्या माणसांचा प्रांत समजून हात जोडले जातात किंवा रिकामटेकड्यांचा उद्योग समजून मुलांना त्यापासून वाचवले जाते. प्रत्यक्षात तो एक पेशा आहे आणि त्याला इतर पेशांसारखेच नियम, शिस्त आणि पायऱ्या आहेत. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात. आपल्या देशात सरकारी फेलोशिपवर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. एवढ्यात काटकसरीने भागते, पण शेजारच्या घरातील मुलगा त्याच वयात काय कमावतो, याची तुलना रोज होणार हे गृहीत धरावे लागते. पुढे दोन-तीन वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधन, बहुधा दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशात आणि मुदतीच्या नेमणुकीवर. त्यानंतर सहायक प्राध्यापकाची जागा मिळालीच, तर अमेरिकेत साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा निर्णय होतो: कायम राहा किंवा दुसरीकडे पाहा. या प्रत्येक पायरीवर चांगली चांगली माणसे गळतात, काही उद्योगक्षेत्रात जातात आणि तेथे उत्तम काम करतात. हे पुरवणीत स्पष्ट लिहिले जावे. गुळमुळीत लिहून कोणाला या वाटेला लावणे हा अन्याय होईल.

कामाची रीतही वेगळी आहे. इतर विज्ञानशाखांत नियतकालिकांना जे स्थान आहे, ते येथे ‘स्टॉक’ आणि ‘फॉक्स’ अशा संक्षिप्त नावांच्या दोन वार्षिक परिषदांना आहे. तेथे निबंध स्वीकारला जाणे ही मोठी गोष्ट मानली जाते. निबंधावरील लेखकांची नावे आडनावांच्या वर्णक्रमाने येतात. कोणी किती केले याचा हिशेब मांडला जात नाही आणि विद्यार्थ्याचे नाव प्राध्यापकाच्या आधीही येऊ शकते. ही पद्धत मला सभ्य वाटते, परंतु आपल्याकडील पदोन्नतीच्या गुणपद्धतीत ती बसत नाही. पहिल्या लेखकाला अधिक गुण, नियतकालिकातील लेखाला अधिक गुण आणि वर्षाला अमुक इतके लेख, असा तक्ता समोर ठेवून या विषयातील माणसाचे मूल्यमापन केले, तर पाच वर्षे एकाच अवघड प्रश्नाला भिडलेला अध्यापक शून्यावर बाद होतो आणि दर सहा महिन्यांनी तोच लेख नवे कपडे चढवून छापणारा शंभरी गाठतो.

महाविद्यालयांतील स्थितीही सांगितली पाहिजे. आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात हा विषय आहे. ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’, म्हणजे मुलांच्या बोलीतील ‘टीओसी’. तो बहुतेकांच्या लेखी निघाला की सुटलो, असा विषय आहे. परीक्षेत यंत्राच्या आकृत्या काढायच्या आणि ठरावीक सिद्धता पाठ करून उतरवायच्या, एवढ्यावर चाळीस गुण जमतात. कार्प यांची यादी, एनपी-कम्प्लीटनेस वगैरे सगळे शेवटच्या युनिटमध्ये येते. सत्र संपत आलेले असते, प्रोजेक्टच्या फायली पूर्ण करायच्या असतात, कॅम्पस मुलाखती तोंडावर असतात, आणि म्हणून ते युनिट विद्यार्थी ऑप्शनला टाकतात. पुष्कळ ठिकाणी शिक्षकही टाकतात. ज्या दारातून या शास्त्राच्या जिवंत प्रश्नांपर्यंत जाता येते, तेच दार वर्षानुवर्षे बंद राहते. बरे, बंदोबस्ताच्या प्रश्नासारखे उदाहरण शिकवायला ना प्रयोगशाळा लागते ना अनुदान. खडू लागतो आणि तासभर निवांत वेळ लागतो. त्या तासात एखादी मुलगी हात वर करून विचारते, की मग दुपटीपेक्षा चांगले का जमत नाही, आणि तिला प्रामाणिकपणे सांगता येते की हे जगात अजून कोणालाही पक्के ठाऊक नाही. अभ्यासक्रमातील दुसऱ्या कोणत्या विषयात चार ओळींनंतर ज्ञानाच्या टोकाशी असे पोहोचता येते?

अशा कामाचा ‘उपयोग’ काय, हा प्रश्न येणारच, आणि त्याचे सरळ उत्तर असे, की कधी लगेच होतो, कधी फार उशिरा, कधी होतही नाही. मुंबई आयआयटीचे १९७८ चे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना लिनियर प्रोग्रॅमिंगसाठी, म्हणजे मर्यादित साधनांची सर्वोत्तम वाटणी काढण्याच्या गणितासाठी, जी पद्धत दिली, तिची बातमी जगभर झाली, कंपनीने तिच्यावर पेटंट घेतले आणि तिच्यातून पुढे आलेल्या पद्धती आज उद्योगांच्या नियोजनात सर्रास वापरल्या जातात. खोत यांच्या अनुमानाचे पेटंट कोणी घेणार नाही. ते आपल्याला सांगते ते एवढेच, की अमुक एका दिशेला शोधत बसू नका, तेथे वाट नाही. आणि सुधारणेच्या मागे लागलेल्या माणसाला हे वेळेवर कळणे ही काही लहानसहान मदत नाही.

भारतात राहून हे करता येत नाही, हा आणखी एक समज. ६ ऑगस्ट २००२ रोजी कानपूर आयआयटीतून मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचा निबंध बाहेर पडला. दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे झटपट आणि शंभर टक्के खात्रीने ठरवणारा पहिला अल्गोरिदम त्यात होता. कयाल आणि सक्सेना हे दोघे त्याच वर्षी बीटेक झाले होते. या कामाची सुरुवात त्यांच्या पदवीच्या प्रकल्पातून झाली होती. २००४ मध्ये तो निबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणिताच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातील मानाचे गोडेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की खोत यांचे अनुमानही त्याच २००२ सालचे. एक प्रश्न कानपुरात सुटला, एक प्रिन्स्टनमध्ये सुरू झाला.

महाराष्ट्रातील मुलांना या वाटेची माहिती नसते, याचे एक कारण अगदी साधे आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आपल्याच राज्यात आहे आणि तेथे सैद्धांतिक संगणकशास्त्राचा नावाजलेला गट आहे. तिची देशपातळीवरील प्रवेशपरीक्षा साधारणपणे डिसेंबरात होते, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी अभ्यागत योजनाही असते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारावीनंतर गणित आणि संगणकशास्त्र यांची एकत्र बीएस्सी करता येते; चेन्नईचीच इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस पीएचडीसाठी आहे. या विषयावरची एक आंतरराष्ट्रीय परिषद १९८१ पासून दर डिसेंबरात भारतातच भरते. ऑलिम्पियाडचे देशाचे कामकाज मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून चालते. यांपैकी कोणतीही गोष्ट गुप्त नाही. परंतु चेन्नईच्या बीएस्सीसाठी अर्ज भरण्याची मुदत बारावीचा निकाल लागण्याच्या आधीच संपलेली असते, आणि आपली पुरवणी निघते निकालानंतर. तेव्हा ही माहिती छापण्याचे आपण मनावर घेतलेत, तर ती जूनची वाट न पाहता दिवाळीच्या सुमारास, ऑलिम्पियाडच्या आणि टाटा संस्थेच्या परीक्षांच्या तारखांसह छापावी. मजकूर तपासून देण्याची माझी तयारी आहे आणि त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर